पाय मोडलाय, बाकी मजेत

वजन शून्य झालं तरी वस्तुमान जात नाही, हे शाळेत शिकलेलं आज माझ्या नडगीला समजलं. नमुन्यांच्या ८० किलोच्या पेटीचा पट्टा तुटला, पेटी डुलत डुलत आली आणि मागे यानाची भिंत. काडकन आवाज मीच आधी ऐकला.

"दुखतंय का?" डॉक्टरबाई. म्हटलं, "छे हो, इथे चालायचंय कुणाला! लंगडा काय, धडधाकट काय, तरंगायचंच ना?" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. भार पेलणाऱ्या हाडांची घनता इथे महिन्याला १ ते १.५ टक्का घटते. ते हाड आता जुळणार कसं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

डोळ्यांत पाणी आलं तर इथे ते ओघळत नाही, डोळ्यावरच गोळा होऊन चिकटतं. लपवायला जागाच नाही. त्यापेक्षा विनोद बरा.

आईला व्हिडिओ पाठवला, फक्त चेहऱ्याचा. नेपच्यूनपासून पृथ्वी गाठायला प्रकाशालाच चार तास लागतात, त्यामुळे "जेवलास का?" यायला अजून वेळ आहे.

मामा, ही पोस्ट तिला वाचून दाखवू नका. तुम्हालाच सांगतोय.