पाच किलो उडीद

भाऊबिजेच्या रात्रीच आईनं पिशवी भरून ठेवली. घरचे नवे उडीद, पाच किलो. "सचखंडला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं न्हाई," म्हणाली. सचखंड म्हणजे नांदेडचा गुरुद्वारा. तिचे वडील कापसाची बैलगाडी घेऊन नांदेडला यायचे तेव्हा तिथल्या लंगरमध्येच, सगळ्यांसाठीच्या फुकट पंगतीत जेवायचे. ते अन्न फेडायचं, हे तिनं कधीचं मनात धरलेलं.

२००८ चा ऑक्टोबर संपत आला होता. गुरुता गद्दीला ३०० वर्षं पूर्ण होत होती. १७०८ साली याच गोदाकाठी गुरू गोबिंदसिंगजींनी ग्रंथसाहिबाला गुरूची गादी दिली आणि इथंच देह ठेवला. त्यांच्यानंतर माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू. एवढा मोठा सोहळा आपल्या दारात होतोय आणि आपण लोह्याजवळच्या गावात बसून राहायचं, हे मलाही पटत नव्हतं.

एसटी नांदेडच्या सिडकोतच थांबवली. तिथून पायी. गोदावरीच्या पुलावर पोचलो तर पुढं नुसत्या पगड्याच पगड्या, निळ्या, केशरी, पांढऱ्या. मला खरंच भीती वाटली. आईचं वय सत्तरीच्या पुढं, मोबाईल लागत नव्हता, हात सुटला तर शोधायचं कुठं? मग तिच्या लुगड्याच्या पदराला माझ्या ओढणीची गाठ मारली, घट्ट. दिवसभर ती गाठ सोडली नाही. गर्दीत म्हातारं माणूस नेणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते.

वाटेत जागोजागी पाणी, चहा. पंजाबातून आलेली माणसं आईला "माताजी" म्हणत वाट करून देत होती. नांदेडचा एक शीख पोरगा तर आपल्याच बोलीत म्हणाला, "मावशी, उन्हात हुभ्या राहू नका, हिकडं सावलीला या." आईला केवढा धीर आला!

जोडाघरात एका पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी आमच्या चपला घेतल्या. आईच्या चपलेला टाचेशी सुतळीनं शिवलेलं, वर पुलावरची सगळी धूळ. त्यांनी ती चप्पल मांडीवर घेतली, फडक्यानं आधी वरून, मग तळवा, मग ती सुतळीसुद्धा पुसली. आई "अगं बाई, नका, नका" म्हणत राहिली. ते हसले आणि टोकन हातात ठेवलं.

रांगेत किती तास गेले ते मोजले नाहीत. महाराजा रणजितसिंगांच्या काळात बांधलेलं ते मंदिर, वर सोन्याचा कळस. आत दर्शनाला जेमतेम क्षणभर मिळालं, डोकं टेकवलं की पुढं. पण बाहेर संगतीत बसलो होतो तेव्हा कीर्तनात "नामदेव" ऐकू आलं. आई वारकरी. तिनं माझा दंड धरला. "आपला नामदेव?" मी म्हटलं, "हो, नरसीचाच." नामदेवांची ६१ पदं ग्रंथसाहिबात आहेत, हे मी शाळेत शिकलेले, पण तिला कधी सांगितलंच नव्हतं. हिंगोली जिल्ह्यातली नरसी आम्हाला घरच्यासारखी. त्यानंतर एकही शब्द कळत नसताना ती डोळे मिटून टाळी धरून बसली. उठायचं नावच घेईना.

लंगरपाशी मात्र तिची पावलं अडली. पोत्यांची थप्पी छताला लागलेली, कढया अशा की आत माणूस उभा राहावा. तिनं पिशवी पदराआड घेतली. "एवढ्यात आपलं काय दिसणार गं?" मीच पुढं होऊन सेवादाराला सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी पिशवी घेतली, कपाळाला लावली, उडीद राशीत ओतले. मग पिशवी झटकली, चार घड्या घातल्या आणि आईला परत दिली.

पंगतीला बसलो. रोटी आली तशी आईनं ताट पुढं केलं. "माताजी, दोनों हाथ." मग तिनं ताट खाली ठेवून, तीर्थाला करतो तशी ओंजळ केली. गरम रोटी ओंजळीत तशीच धरून बसली.

"माझ्या बापानं बी असंच घेतलं असंल का गं?"

तोवर डाळीची बादली पुढ्यात आली होती. काळ्या उडदाची.