सान सेबास्तियानमध्ये एका जागी बसून जेवू नका

पहिल्या संध्याकाळी आम्ही चुकलो. ला कोंचाच्या अर्धचंद्राकृती किनाऱ्यावर तंगडतोड झाली होती, जेमतेम सात वाजले होते आणि पोटात कावळे कोकलत होते. समुद्रासमोर, दारात पदार्थांचे फोटो लावलेलं एक हॉटेल दिसलं. ताई म्हणाली, "चल गं, आता इथेच बसू." तळलेले माकूल आले, ते चावता चावेनात. चांगल्या समुद्राकाठी असं जेवून उठण्याचं मला फार वाईट वाटलं.

स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क प्रदेशातल्या या गावात रात्रीच्या जेवणाला साडेआठशिवाय रंग चढत नाही. तोवर थांबायचं आणि मग जुन्या गावात, 'पार्ते विएहा'त शिरायचं. अरुंद गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना पिंचोंचे बार. पिंचो म्हणजे दोन-चार घासांचा पदार्थ. एका ठिकाणी एक, फार तर दोन खायचे, तेही उभ्यानेच, आणि पुढच्या दारी जायचं. प्रत्येक बारची एखादी खासियत असते, तेवढीच मागायची.

सुरुवात हिल्दाने करा. काडीला टोचलेली खारवलेली अँचोवी मासळी, हिरवं ऑलिव्ह आणि व्हिनेगरात मुरलेली लांबट मिरची. खारट, आंबट, किंचित तिखट, सगळं एका घासात. सोबत चाकोली ही इथली हलकी फसफसणारी पांढरी वाइन. बाटली उंच धरून ग्लासात तिची बारीक धार सोडतात.

काउंटरवर मांडलेल्या गार पिंचोंनी डोळे दिपतात, पण खरी मजा फळ्यावर खडूने लिहिलेल्या गरम पदार्थांत आहे. आम्ही कोकोचा मागवले. हेक माशाच्या गळ्याजवळचा हा लुसलुशीत भाग. आचारी मातीचं पसरट भांडं हातात धरून गोल गोल हलवत होता. त्यात ऑलिव्ह तेल, लसूण, मिरची आणि मासा, बस्स. माशातला चिकटपणा हळूहळू तेलात उतरला आणि बघता बघता त्या पारदर्शक तेलाची दाट, फिकट पिवळी सायीसारखी आमटी झाली. पीठ नाही, क्रीम नाही. आम्ही पावाने भांडं पुसून घेतलं.

मासे न खाणाऱ्यांसाठी बटाट्याचं जाड ऑम्लेट आहे आणि मीठ भुरभुरलेल्या तळलेल्या हिरव्या मिरच्या. मशरूमच्या पदार्थात मात्र हॅम नाही ना, हे आधी विचारून घ्या.

गोडासाठी 'ला बिन्या'. वरून काळपट करपलेला, आत जेमतेम धरलेला चीजकेक. हा बार '३१ ऑगस्ट' नावाच्या रस्त्यावर आहे. १८१३ साली त्याच तारखेला इंग्रज-पोर्तुगीज सैन्याने गाव जिंकलं, लुटलं आणि ते जळून गेलं. या रस्त्यावरची घरं तेवढी वाचली. हे कळल्यावर तिथून चालताना माझी पावलं आपोआप मंदावली.

एक दुपार मात्र जवळच्या गेतारिया गावासाठी राखून ठेवा. बसने सहज जाता येतं. तिथे रस्त्याच्या कडेलाच निखाऱ्यांवर अख्खा टर्बट मासा जाळीत धरून भाजतात. परतीच्या बसची वेळ झाली तरी ताई काट्यांना चिकटलेलं मांस बोटांनी सोडवत बसली होती.