बॅटरीवरच्या करवतीचा पॅक पुन्हा बांधून घेतला त्याची गोष्ट

आमच्या वरुड तालुक्यात संत्र्याचा तोडा आटोपला की झाडांवरची सल काढायची घाई असते. वाळक्या फांद्यांसाठी मी बॅटरीवरची छोटी चेन करवत घेतली होती. यंदा ती शेतातल्या टिनाच्या खोलीतून काढून चार्जरला लावली, तर लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला. दुकानदाराचं एकच म्हणणं, "पॅक गेला, नवा घ्या." नव्या पॅकच्या पैशात अर्धी करवत येते!

पॅकचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, वर मधोमध खुंटी. तसा पेचकस अमरावतीहून आणवला. आत दहा सेल निघाले, दोन-दोनच्या पाच जोड्या. या सेलला १८६५० म्हणतात. व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी. एकाचे साधारण ३.६ व्होल्ट; जोडीतले दोन समांतर, म्हणून जोडीचेही तेवढेच, म्हणजे एकापुढे एक लावलेल्या पाच जोड्यांचे १८. पूर्ण भरल्यावर ४.२ प्रमाणे २१. तेव्हा एका डब्यावर १८ लिहा की दुसऱ्यावर २१, माल तोच.

मीटर लावलं तर चार जोड्या ३.७ च्या आसपास आणि एक १.१ वर. पॅकमधलं सेलची राखण करणारं सर्किट चार्जिंग अडवत होतं ते बरोबरच होतं. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळू लागतं, मग भरताना आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती. बाहेरून झटका देऊन असे सेल जागे करण्याचे व्हिडिओ पाहिले होते. त्या वाटेला गेलो नाही.

शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, मेलेली जोडी तेवढी बदला ना, बाकीच्या तं चांगल्या हायेत." पण जुन्या जोड्यांची ताकद घटलेली. नव्यांसोबत त्या लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाशेजारी गोऱ्हा जुंपणं. दहाही बदलायचे ठरवले.

खरी दमछाक सेल मिळवण्यात झाली. बाजारात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेले सेल सर्रास दिसतात. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपासच मावतात, म्हणून तो आकडा दिसला की हात मागे घ्यावा. लॅपटॉपमधले जुने सेलही चालत नाहीत. करवत लाकडात अडकली की एकदम जो करंट ओढते, तो त्यांना झेपत नाही. शेवटी नागपूरहून २५०० एमएएचचे, २० अँपिअर देणारे सेल मागवले. आले तेव्हा प्रत्येकाचं व्होल्टेज तपासलं, सगळे सारखेच होते.

जोडणी मी केली नाही. सेलवर थेट डाग द्यायचा कावीया टेकवला की उष्णता आत जाते आणि सील, आतले पडदे खराब होतात. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच लावाव्या लागतात. अमरावतीत ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आधी प्रत्येक सेलच्या प्लस टोकावर कागदाची गोल चकती चिकटवली. सेलचं अख्खं पत्र्याचं अंग मायनस असतं, अगदी प्लसच्या बोंडाभोवतीच्या कडेपर्यंत. मध्ये फक्त पातळ प्लास्टिकची पन्नी. पट्टी घासून ती फाटली की ठिणगीच. मग मशीनची दोन टोकं पट्टीवर टेकवून टक्-टक् ठिपके मारत गेला. सर्किटच्या बारीक तारांचे फोटो मी पॅक उघडतानाच काढून ठेवले होते, त्याच क्रमाने त्या लावल्या.

सगळा खर्च नव्या पॅकच्या अर्ध्याच्या आत बसला. पहिलं चार्जिंग घराबाहेर, ओट्याच्या फरशीवर, समोर बसून केलं.

आता पॅक टिनाच्या खोलीत राहत नाही. लिथियमचा सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावा म्हणतात, आणि मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच पारा तिथे पोचतो. म्हणून चार्जिंग पहाटे. हंगाम संपला की पॅक अर्धा भरलेला, करवतीतून काढून घरातल्या फडताळात. जुन्यांपैकी धड असलेले सेल टॉर्चमध्ये लावले. मेलेल्या दोघांच्या टोकांना टेप गुंडाळून ते रेतीच्या डब्यात ठेवलेत, पुढच्या नागपूर फेरीत ई-कचरा घेणाऱ्याकडे देईन.