मी मारलेले तीन फ्लास्क

पहिला फ्लास्क मी पाण्याने मारला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

लॅबमध्ये येऊन मला दोनच आठवडे झाले होते आणि काम वरवर अगदी बाळबोध होतं. उंदराच्या पेशींचा एक फ्लास्क तीन महिने जिवंत ठेवायचा, त्यातल्या थोड्या पेशी गोठवायच्या आणि गोठवलेल्या परत उठवून दाखवायच्या. तेवढं जमलं की खरा प्रयोग हातात मिळणार. पेशीची आकृती मी शाळेपासून काढत आलेय. केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका, सगळ्यांना बाण आणि नावं. त्यामुळे आतलं सगळं आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात मी पहिल्या दिवशी हूडसमोर, म्हणजे जंतू न येऊ देणाऱ्या कामाच्या पेटीसमोर, बसले.

पेशी होत्या ३टी३ जातीच्या. जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६३ साली या जातीची माहिती प्रसिद्ध केली. नाव म्हणजे निव्वळ वेळापत्रक आहे: दर तीन दिवसांनी नव्या भांड्यात हलवायच्या आणि दर भांड्यात तीन लाख टाकायच्या. ‘टी’ म्हणजे ट्रान्सफर. या पेशी तरंगत राहत नाहीत. फ्लास्कच्या तळाला धरून बसतात, टोकं लांबवर ताणून, दोऱ्यांनी बांधलेल्या तंबूसारख्या दिसतात.

त्यांना तळापासून सोडवायचं तर ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम), घालावं लागतं, आणि त्याआधी जुनं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, काढून पीबीएसने, म्हणजे आम्लता सांभाळलेल्या मिठाच्या पाण्याने, विसळून घ्यावं लागतं. नाहीतर मीडियममधलं उरलंसुरलं सीरम ट्रिप्सिनला कामच करू देत नाही. मी विसळायला घातलं. तेवढ्यात कोणीतरी काही विचारायला आलं आणि मी फ्लास्क तसाच ठेवून बोलत राहिले. परत येऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरते तर तंबू गायब. टम्म फुगलेले गोळे, काहींच्या कडेला फुगे आलेले, काहींचं नुसतं केंद्रक उरलेलं आणि भोवती फाटक्या कडा.

“काय घातलंस?” ताईने विचारलं. ताई म्हणजे शेजारच्या बाकावरची सीनिअर, जिच्या हाताखाली मला दिलं होतं.

“पीबीएस.”

“बाटली दाखव.”

बाटली डिस्टिल्ड वॉटरची होती. तोच आकार, तेच निळं झाकण, लेबल पलीकडच्या बाजूला.

ताई रागावली नाही. “कांद्याचा पापुद्रा असता तर वाचला असता,” एवढंच म्हणाली आणि पिपेट धुवायला गेली. ते वाक्य मला संध्याकाळपर्यंत पुरलं. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भित्तिका असते. पाणी आत शिरलं की पेशी फुगते, भित्तिकेवर दाबली जाते आणि तिथेच थांबते. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्या याच भिंती. आत राहणारं केव्हाच संपलं होतं, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. माझ्या पेशींना असला आधार नव्हता. त्यांच्याकडे होतं फक्त पेशीपटल, जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचं, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं. आत क्षार आणि प्रथिनं दाटलेली, बाहेर मी ओतलेलं कोरं पाणी. पाणी आत धावत सुटलं आणि पटल फाटलं.

परासरण मी कितीदा लिहिलं असेल परीक्षेत! पण एक गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. बाहेर अगदी बरोबर खारट पाणी असलं, लिटरमागे नऊ ग्रॅम मिठाचं, तरीही पेशी आपोआप सुरक्षित राहत नाही. आतली प्रथिनं बाहेर जाऊ शकत नाहीत, ती पाणी ओढत राहतात, आणि सोडियम तर हळूहळू आत झिरपतच असतं. नुसतं बसून राहिली तर पेशी सावकाश फुगून फुटेल. ती फुटत नाही, कारण पटलात बसलेला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू मोडतो. येन्स स्कू यांना तो १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना सापडला, आणि नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. प्राण्यांच्या पेशी स्वस्थ बसलेल्या असतानाही त्यांच्या ऊर्जेचा पाचवा ते तिसरा हिस्सा या एका कामावर जातो. थंडीत पंप मंदावतो, म्हणून फ्रीजमध्ये साठवलेल्या रक्ताच्या पिशवीत पेशींमधलं पोटॅशियम दिवसागणिक बाहेर झिरपत राहतं.

मला ही गोष्ट थोडी अन्यायाची वाटली. काहीही न करता नुसतं आहे तसं राहायचं, त्यासाठी एवढा खर्च!

दुसरा फ्लास्क उपासमारीने गेला. मी चार दिवस तापाने आडवी होते आणि मीडियम बदलायला कुणाला सांगायचं राहून गेलं. परतले तेव्हा इनक्युबेटरच्या काचेतूनच दिसलं: मीडियम लिंबासारखं पिवळं. त्यात फिनॉल रेड असतं. आम्लता ठीक असेल तर लालसर, आम्ल वाढलं की पिवळं, अल्कली वाढली की जांभळट गुलाबी. रोज सकाळी आधी रंग बघायचा, मग बाकीचं, हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

आम्ल आलं कुठून? पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून ऑक्सिजनविना फक्त दोन एटीपी काढते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. तंतुकणिकांकडून पूर्ण जाळून घेतलं तर तीसच्या आसपास मिळतात. फ्लास्कमध्ये वाढणाऱ्या पेशी मात्र ऑक्सिजन असतानाही बरंच ग्लुकोज अर्धवटच मोडतात. आम्ही वापरत होतो त्या मीडियममध्ये लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज होतं, रक्तात असतं त्याच्या चौपटीहून जास्त. चार दिवसांत गर्दी वाढली, साखर खाल्ली गेली आणि आम्ल साचलं.

सगळ्या पेशी एकदम मेल्या नव्हत्या. काही अजून तळाला धरून होत्या, पण आक्रसलेल्या, आत बारीक दाणे आणि पोकळ बुडबुडे दिसत होते. बघून मला वाटलं, संपल्या या. ताई म्हणाली, “काही पोकळ्या नुसत्या ताणाच्याही असतील. पण उपाशी पेशी स्वतःचंच घर मोडून खाते, ते यात चालू असणारच.” लयकारिकांना आम्ही शाळेत ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणून पाठ केलं होतं. आता ते नाव मला फार अन्यायाचं वाटतं. ख्रिस्तियन द दुव यांनी १९५५ साली लयकारिका ओळखल्या, आणि स्वतःचाच भाग पचवण्याच्या क्रियेला ऑटोफॅजी हे नावही पुढे त्यांनीच दिलं. ओसुमी योशिनोरी यांनी यीस्टला उपाशी ठेवून तीच क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिच्यामागचे जनुक शोधले. त्याला २०१६चं नोबेल मिळालं. म्हाताऱ्या झालेल्या तंतुकणिका, बिघडलेली प्रथिनं, सगळं एका पटलात गुंडाळून लयकारिकेकडे जातं. तिथलं आम्ल आणि विकरं ते मोडतात आणि सुटे झालेले घटक परत कामाला लागतात. आत्मघात कसला, हा तर अडीअडचणीचा संसार आहे.

मी मीडियम बदललं, दोन दिवस वाट पाहिली. थोड्या सावरल्या, पण बऱ्याच सुटून तरंगायला लागल्या. सुटलेली पेशी पुन्हा खाली टाकली की चिकटेल असं मला वाटायचं. तसं होतंच असं नाही. अशा पेशींचा ठाव सुटला की त्यांच्यात स्वतःला संपवण्याची शिस्तशीर क्रिया सुरू होऊ शकते. डीएनएचे तुकडे, पेशीचे छोटे पुडके, शेजारणींना त्रास न होता आवराआवर. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली तिला अपॉप्टोसिस म्हटलं. कर्करोगाच्या पेशी बहुधा हेच ऐकत नाहीत, ठाव सुटला तरी जगतात. माझ्या पेशी आज्ञाधारक निघाल्या. फ्लास्क टाकून द्यावा लागला.

मधल्या काळात एकदा ढगाळलेलं मीडियम, म्हणजे जिवाणू, हाही प्रकार झाला. त्याचं सांगण्यासारखं काही नाही, हात नीट धुवावेत आणि बाटलीचं झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नयेत.

त्याच सुमारास ताईने मला एक गोष्ट दाखवली, आणि ती माझ्या मनात बाकी सगळ्यापेक्षा ठळक आहे. जिवंत पेशींच्या तंतुकणिकांत साठणारा एक चमकणारा रंग तिने माझ्या पेशींना दिला आणि खोलीतला दिवा घालवला. पुस्तकात तंतुकणिका म्हणजे शेंगदाण्यासारखी आकृती, आत नागमोडी घड्या. इथे शेंगदाणे नव्हतेच. लांब, लवचिक, लाल धागे, केंद्रकाभोवती दाट आणि कडेकडे विरळ. मी बघत असताना एक धागा दुसऱ्याला जाऊन मिळाला. दुसरीकडे एकाचे दोन झाले. मग ताईने पिपेटने एका औषधाचा थेंब सोडला. काही मिनिटांत धागे फिके होत गेले आणि लाली सगळ्या पेशीभर पसरून विरली.

“मारल्यास?”

“अजून नाही. फक्त दाब सोडला.”

त्या रंगाला तंतुकणिकेतला विद्युतदाब आत खेचून धरतो. तंतुकणिका अन्नातून आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलते, जसं धरणात पाणी अडवावं. ते प्रोटॉन परत येतात एटीपी बनवणाऱ्या प्रथिनातून. त्या प्रथिनाचा एक भाग खरोखर गोल फिरतो, आणि फिरता फिरता एटीपी तयार होतं. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जणांना ती पटली नव्हती. १९७८ साली नोबेल मिळालं. ताईच्या औषधाने धरणाला भोक पाडलं होतं, म्हणजे जाळणं चालू, पाणी मात्र चक्कीला वळसा घालून वाहतंय. त्या रात्री मी आकडेमोड केली. तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडचा फरक साधारण १५० मिलिव्होल्ट, त्या पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. मीटरमागे काढलं तर तीन कोटी व्होल्ट येतात. मी दोनदा शून्यं मोजली.

तिसरा फ्लास्क गोठवताना गेला, आणि तो निव्वळ माझ्या घाईमुळे. गोठवायचं म्हणजे पटकन गोठवायचं, अशी माझी समजूत. पेशी व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, भरल्या आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडल्या, उणे १९६ अंशांत. नंतर उठवल्या तर जवळपास सगळ्या मेलेल्या. त्या वेगात पेशीतल्या पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळाली नाही. ते आतच गोठलं आणि बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाडली. पहिल्या फ्लास्कला पाणी आत शिरून मारलं होतं, याला पाणी आत अडकून.

बरोबर रीत अशी: दहा टक्के डीएमएसओ, म्हणजे गोठताना पेशींना जपणारं एक द्रव, घालायचं आणि मिनिटाला एक अंश अशा संथ गतीने थंड करायचं. बाहेरचं पाणी आधी गोठतं, आतलं हळूहळू बाहेर निघून जातं. फार सावकाशही चालत नाही, पेशी सुकते आणि आतले क्षार घट्ट होऊन तिला इजा करतात. डीएमएसओ वापरायची ही युक्ती जेम्स लव्हलॉक आणि बिशप यांनी १९५९ साली मांडली. त्याच्या दहा वर्षं आधीची, तेच काम करणाऱ्या ग्लिसरॉलची गोष्ट ऐकून मला फार बरं वाटलं. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचे शुक्राणू साखरेच्या द्रावणात गोठवायचा प्रयत्न करत होते, आणि एकदा ते अचानक जगले. चौकशी केल्यावर कळलं, लेबलांची अदलाबदल झाली होती. त्या बाटलीत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. म्हणजे चुकीची बाटली उचलणारी मी एकटी नाही. त्यांची चूक फळली, एवढाच फरक.

चौथ्या फ्लास्कमधल्या पेशी मी सावकाश गोठवल्या. तीन आठवड्यांनी एक व्हायल काढली, सदतीस अंशांच्या पाण्यात हलवत राहिले, मसुराएवढा बर्फ उरला तेव्हा बाहेर घेतली. डीएमएसओ उबेत पेशींना सोसत नाही, म्हणून इथे मात्र घाई हवी. कोमट मीडियम थेंबाथेंबाने मिसळलं, सेंट्रिफ्यूज केलं, वरचं ओतून टाकलं. मग ट्रिपॅन ब्लू. हा निळा रंग धड पटलातून आत जाऊ शकत नाही. जी पेशी निळी झाली तिचं पटल गेलं, म्हणजे ती गेली. मोजायच्या काचेवर मी चारही कोपऱ्यांतले चौकोन मोजले. एकशे बारा पेशी, त्यातल्या तेरा निळ्या. बाकीच्या गोल, स्वच्छ, कडेला झळाळी असलेल्या. ताईला बोलावलं. तिने एका चौकोनात आणखी एक निळी शोधून काढली. चौदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी इनक्युबेटर उघडला. मीडियम लालसर. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक पेशी खाली बसल्या होत्या, एकेकीने एखाददोन टोकं बाहेर काढायला सुरुवात केली होती. एक मात्र गोल आणि चमकदार होती. मला वाटलं, ही मरतेय. पण मधोमध एक गडद पट्टी दिसत होती, गुणसूत्रांची. अर्ध्या तासाने पाहिलं तर त्या जागी दोन होत्या.

फ्लास्कवर तारीख आणि पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात हलवल्या तो आकडा, लिहिला. डिस्टिल्ड वॉटरची बाटली मात्र मी आता हूडमध्ये आणतच नाही. ती पलीकडच्या फळीवर असते आणि तिच्या झाकणावर मी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. ताई तिला ‘माझी बाटली’ म्हणते.