नाशिकची ‘कपल टूर’ आणि हरिहरच्या पायऱ्या

आम्ही घेतलेल्या टूरच्या कागदावर होतं : दोघांसाठी तीन दिवस, गाडी आणि गाईडसकट, ‘डोंगरातलं निवांत साईटसीइंग’. दुसऱ्या दिवसापुढे ‘हरिहर, हलका वॉक’. त्र्यंबकजवळच्या हरिहर गडाला हलका वॉक म्हणणाऱ्याने एक तर तो लांबूनच पाहिलाय, नाहीतर त्याला गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. गड ३,६७६ फूट, पण उंचीने कोणी दमत नाही. वाट लागते ती कातळात खोदलेल्या शंभरावर पायऱ्यांवर, आणि त्याहून जास्त तिथल्या रविवारच्या रांगेत.

आधी पायथ्याच्या गावाचं बघा. टूरवाले निरगुडपाड्याला उतरवतात, कारण ते त्र्यंबक-खोडाळा रस्त्यावर पडतं आणि ड्रायव्हरची सोय होते. तिथून पायऱ्यांच्या तळापर्यंत दीड-दोन तास, तेही बऱ्याच उघड्या सोंडेवरून. हर्षेवाडीकडून हेच काम तासाभरात होतं, आणि त्र्यंबकहून हर्षेवाडी साधारण १३ किलोमीटर आहे. दोन्ही वाटा पायऱ्यांच्या खाली एकत्र येतात, त्यामुळे हर्षेवाडीने गेलं म्हणून काही बघायचं राहत नाही. पैसे भरतानाच ‘हर्षेवाडी’ असं लिहून घ्या. तोंडी कबुली सकाळी गाडीत बसल्यावर फिरते.

नाशिकहून पहाटे ५ ला निघायचं. हॉटेलचा नाश्ता ८ ला असतो, तो सोडा. नाश्ता करून निघालात तर रांगेत उभे राहाल. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर जाऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

आता पायऱ्या. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर एकाला कडेला चिकटावंच लागतं. प्रत्येक पायरी मधोमध झिजून वाटीसारखी खोलगट झालीय, आणि दोन्ही बाजूंना हात अडकवायला खोबण्या आहेत. पावसात त्यात चिखल साचतो. बोटांनी तो आधी काढा, मग वजन टाका. हात-पाय मिळून तीन कायम टेकलेले हवेत, चौथाच हलवायचा. काठी घडी करून सॅकमध्ये, मोबाईल चेनच्या खिशात. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी कातळ इतका तापतो की खोबणीत हात धरवत नाही.

उतरताना तोंड कातळाकडे, शिडीवरून उतरतो तसं. बहुतेक जण दरीकडे तोंड करून बसत बसत घसरतात. पॅंट फाटते ती फाटतेच, शिवाय खालची पायरी दिसत नाही, माणूस मध्येच गोठतो आणि मागे तीसेक माणसं अडकतात. खरी कोंडी चढणाऱ्यांची नसतेच, ती या बसणाऱ्यांची असते.

सॅक २० लिटरच्या वर नको. पहिला टप्पा संपला की महादरवाजा, आणि त्यापुढे कातळाच्या पुढे आलेल्या छपराखालून वाकून आडवं जायचं. सॅक उंच असेल तर छपराला घासते आणि माणसाला दरीकडे ढकलते. त्यानंतर पायऱ्यांचा दुसरा टप्पा, तो जास्त अरुंद. हातात खाऊची पिशवी धरू नका, माकडं ती ओढतात, आणि पायरीवर ती ओढाओढ नको. पाणी माणशी दोन लिटर.

१८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातल्या कित्येक गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, ही मात्र वाचली. झीज सोडली तर पायऱ्या भक्कम आहेत. दोष त्यांचा नाही, त्या ‘हलका वॉक’ म्हणून विकणाऱ्याचा आहे.

पैशांचं. ‘सेफ्टी चार्ज’ म्हणून आमच्याकडून माणशी ३०० रुपये वेगळे घेतले. दोरी गाईडच्या सॅकमधून बाहेर निघालीच नाही, आणि निघाली नाही तेच बरं : वर कुठे न बांधता दोघांना एका दोरीत गुंतवलं, तर एक घसरला की दुसराही जाणार. ‘जेवण समाविष्ट’ म्हणजे वडापाव. त्याऐवजी आदल्या दिवशी गावात सांगून ठेवलं तर पिठलं, भाकरी, ठेचा मिळतो, आणि पैसे त्याच घरात जातात.

वर मारुती, शंकर, तळं, दगडी कोठी. हवा स्वच्छ असेल तर ब्रह्मगिरी, अंजनेरी, उतवड आणि भास्करगड ओळखू येतात. टूरमधला भंडारदऱ्याचा दिवस छान गेला, त्याला सल्ल्याची गरज नाही. फक्त तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आसपासची तारीख घेऊ नका. ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटलेल्या गर्दीत त्र्यंबकचा रस्ता गाडीसाठी राहत नाही.

आणि जोडप्यांनी हे एक विचारायचंच : गाईड किती? दोघांना एकच असेल आणि एकाला पायऱ्यांखाली चक्कर आली, तर तो वर जाणाऱ्याबरोबर जाणार की खाली थांबणार? आमच्या गाईडकडे याचं उत्तर नव्हतं. खाली सरबत-ताकाची टपरी लागते, घाबरणाऱ्याने तिथे बिनदिक्कत बसावं. पण (स्वतःच्या गाडीने आला असाल तर) गाडीची किल्ली आणि पाण्याची एक बाटली वर जाणाऱ्याच्या सॅकमध्ये राहू देऊ नका.