बाई आल्या आणि नफा गेला

मी कंपनी सेक्रेटरी. आमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, कारभार मात्र घरगुती. २०१५ साली संचालक मंडळावर एक तरी स्त्री सक्तीची झाली, तेव्हा अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचा डीआयएन (संचालक होण्यासाठी लागणारा ओळख क्रमांक) काढून आम्ही मोकळे झालो. वहिनींनी कधी कुणाला काही विचारलं नाही. पुढे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून स्वतंत्र महिला संचालक लावली. घरातली चालेना, म्हणून सरकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या मॅडम आल्या.

मे महिन्यातली वार्षिक निकालांची बैठक. बाजाराच्या वेळेत बोर्ड संपलं तर तीस मिनिटांत निकाल एक्स्चेंजला चढवायचे असतात, त्यामुळे सगळं आधीच तयार. ‘सविस्तर चर्चेअंती मंजूर’ हे शब्द चर्चेआधीच टाइप झालेले असतात.

सकाळी ऑडिट कमिटीत मॅडमनी येणेबाकीची यादी काढली. अध्यक्षांच्या साडूंच्या फर्मकडची बाकी ३१ मार्चला शून्य. (कंपनी कायद्याच्या नातेवाइकांत साडू बसत नाही. ती यादी करणाऱ्याने आपल्याकडचं एकही लग्न पाहिलं नसावं.)

“एप्रिलचं बँक स्टेटमेंट द्या.”

“मॅडम, ते पुढच्या वर्षातलं,” सीएफओ, म्हणजे आमचे वित्तप्रमुख, म्हणाले.

“तरी द्या.”

मार्चअखेर आलेली रक्कम एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ‘मालापोटी आगाऊ’ म्हणून त्याच फर्मला परत. माल नाहीच. म्हणजे थकबाकी तशीच, फक्त ३१ मार्चपुरती शून्य. मागच्या वर्षीही तेच. ऑडिटर म्हणाले, आम्ही नमुन्याने तपासतो. बाकीचे दोन स्वतंत्र संचालक, एरवी गाडीभाड्याच्या बिलापुरते जागे, मोबाइलमध्ये शिरले.

बुडीत रकमेची तरतूद नफ्यातून करावीच लागली. आकडे बदलले, ऑडिटरचा अहवाल नवा, त्याचा यूडीआयएन (अहवालाचा ओळख क्रमांक) नवा. निकाल चढवला तेव्हा रात्र झाली होती. तिमाहीचा नफा निम्म्यावर, दुसऱ्या दिवशी शेअर आपटला. अध्यक्ष मला जिन्यात म्हणाले, “बाई आल्या आणि नफा गेला.”

आकड्यांपुरतं ते खरंच आहे, आणि तेच मला खुपतं. नॉर्वेने २००३ साली कायदा करून मंडळांवर ४० टक्के स्त्रिया आणल्या. त्याने कंपन्यांची किंमत घटली का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. अशा अभ्यासात आमची कंपनी घसरणीच्या रकान्यात जाईल. पण आधीच्या वर्षांचा तो फुगवलेला नफा कुठल्या रकान्यात धरणार?

यंदा संचालकांच्या मूल्यमापनाचे फॉर्म माझ्याकडे आले. ‘इतरांशी सहकार्य’ या ओळीत मॅडमना पाचपैकी दोन. त्यांची मुदत संपत आली आहे आणि अध्यक्षांनी मला नवीन नाव बघायला सांगितलंय, “जरा शांत स्वभावाचं.”