चौकटी आखून काढलेला स्पायडरमॅन

परवा भाच्यानं मोबाईलवर एक जुनं कॉमिक उघडलं आणि ओरडला, "मामा, ह्यांनी पिक्चर ढापलाय की!" पानावर पावसातली गल्ली, कचऱ्याच्या डब्यात लोंबणारा स्पायडरमॅनचा पोशाख आणि पाठमोरा निघालेला पीटर, म्हणजे त्या पोशाखातला पोरगा. म्हटलं, साल बघ आधी. १९६७. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ५० वा अंक, चित्रं जॉन रोमिटाची. हाच सीन असलेला 'स्पायडरमॅन २' पिक्चर २००४ चा. गडी गप्प.

मला त्यात चोरी दिसत नाही. आमचे अण्णा इथं कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवायचे. हातात पोस्टकार्डाएवढा फोटो, त्यावर पेन्सिलीनं चौकटी. तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर खडूनं. मग एकेक चौकट उचलायची. पण फोटो जसाच्या तसा कधी उतरवला नाही. हिरोचे डोळे मोठे, व्हिलनच्या गालावर हिरवट झाक. "सायकलवरनं जाणाऱ्याला कळलं पाहिजे," म्हणायचे. पिक्चर उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा. आता मी फ्लेक्स छापतो. असो.

खरी गंमत पीटरच्या प्रेयसीची, ग्वेन स्टेसीची. १९७३ चा १२१ वा अंक. ग्रीन गॉब्लिन हा व्हिलन तिला पुलावरून खाली टाकतो, स्पायडरमॅनचं जाळं तिला झेलतं, पण ती जिवंत वर येत नाही. मानेजवळ 'स्नॅप' एवढी चार अक्षरं छापलीत, बस्स. पुढच्याच अंकात गॉब्लिन स्वतःच्याच उडत्या ग्लायडरनं मरतो. २००२ च्या पिक्चरनं पूल घेतला, ग्लायडर घेतला, पण मुलगी मेरी जेन केली आणि तिला वाचवलं. उरलेलं मरण २०१४ च्या पिक्चरनं उचललं. तिथं ग्वेनच, जाळंही तेच. फक्त पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा. एका बोकडाचे दोन वाटे पडले म्हणायचे. तो २०१४ चा पिक्चर एरवी फुसका, पण एवढ्या पाच मिनिटांत टॉकीज चिडीचूप झालं होतं.

थॅनोस नावाच्या दुसऱ्या एका व्हिलनची अर्धं विश्व पुसणारी चुटकी १९९१ च्या 'इन्फिनिटी गॉन्टलेट' कॉमिकमधली. तिथं हा बाबा साक्षात मृत्यूदेवीवर भाळलेला. तिला खूश करायला चुटकी वाजवतो. २०१८ च्या 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' पिक्चरमध्ये कारण काय, तर लोकसंख्या वाढली, खायला पुरत नाही! चुटकी ठेवली, प्रेम काढून टाकलं. रेशन दुकानदारासारखा हिशेब मांडणारा व्हिलन मला काही पटला नाही. अण्णांनी हिरवा रंग हातच राखून लावला असता त्याला.

भाच्यानं तो ५० वा अंक शेवटपर्यंत वाचला. कॉमिकात डब्यातला पोशाख एका पोराला सापडतो, तो नेऊन जेमसन संपादकाला देतो. पिक्चरमध्ये कचरा उचलणारा येतो आणि घासाघीस करून विकतो. भाच्याचं म्हणणं, पोरगाच बरा होता. मी कचरेवाल्याच्या बाजूनं. जेवण होईस्तोवर वाद चालला, शेवटी ताई वैतागून म्हणाली, "डबा भरलाय आपला, तो टाकून या आधी."